गर्देवाडा: ७७ वर्षांनी एसटी मिळालेलं गाव

१ जानेवारी २०२५ रोजी गडचिरोली जिल्ह्यातल्या गर्देवाड्यासाठी स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच एसटी बस सुरू झाली. एवढा उशीर का झाला?

गर्देवाडा हे एटापल्ली तालुक्यातलं, छत्तीसगड सीमेजवळचं आदिवासी गाव. १९८०च्या सुमारास नक्षलवादी चळवळ आंध्रातून या जंगलपट्ट्यात आली. तेंदूपत्त्याची मजुरी, वन कर्मचाऱ्यांचा जाच हे तिचे सुरुवातीचे मुद्दे होते. पुढे बंदुकीचा धाक वाढला. रस्त्यावरून पोलीस येतील, म्हणून नक्षलवाद्यांनी जिल्ह्यात रस्त्यांच्या कामावरची वाहनं जाळली. गावकरी दोन्हीकडून अडकले. पोलिसांशी बोललं तर ‘खबरी’ ठरवून जीव जायची भीती. नक्षलवाद्यांना जेवण दिलं तर पोलिसांचा संशय.

जानेवारी २०२४ मध्ये गावात पोलीस मदत केंद्र उभं राहिलं. वांगेतुरी-गर्देवाडा-गट्टा या ३२ किलोमीटर रस्त्याचं लोकार्पण बससोबतच झालं. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत आत्मसमर्पण केलं.

बसमुळे बाजार, दवाखाना गाठणं सोपं झालं. पण जंगल, जमीन आणि मजुरीचे ज्या प्रश्नांवर ही चळवळ रुजली, त्यांची उत्तरं आता सरकारला द्यायची आहेत.