भोकरदनचा तुकडा आणि सोन्याचा सांधा

१/ जालना जिल्ह्यातील भोकरदन म्हणजे प्राचीन ‘भोगवर्धन’. साँचीच्या स्तूपावरील दानलेखांत येथील दात्यांचे उल्लेख आढळतात. केळणा नदीकाठच्या या गावात सापडलेल्या एका खंडित हस्तिदंती मूर्तीविषयी आणि तिच्या निमित्ताने एका जपानी कलेविषयी हा थ्रेड.

२/ इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात इटलीतील पॉम्पेई नगर गाडले गेले. १९३८ साली तेथील एका घरात सुमारे २४ सेंटीमीटर उंचीची भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. ती ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणून प्रसिद्ध झाली. अनेक अभ्यासक तिला यक्षी मानतात. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे.

३/ ही मूर्ती घडली कुठे? प्रथम मथुरेचे नाव पुढे आले. पुढे १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी भोकरदनला उत्खनन केले. तेथे याच घडणीच्या हस्तिदंती मूर्तीचा अवशेष मिळाला. त्या साम्यावरून म. के. ढवळीकरांनी पॉम्पेईच्या मूर्तीचे मूळ भोकरदनला असल्याचे मत मांडले.

४/ भंगलेली मूर्ती देव्हाऱ्यात ठेवू नये, तिचे विसर्जन करावे, हा आपल्याकडचा संस्कार. इतिहासाचा न्याय निराळा. नेपल्समधील मूर्ती जवळजवळ अखंड आहे, पण तिच्या मायभूमीचा शोध भोकरदनच्या मातीतल्या तुटक्या तुकड्यामुळे नव्या वाटेला लागला.

५/ जपानमध्ये सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) या चहाविधीच्या आचार्याने साध्या, ओबडधोबड वाडग्यांना प्रतिष्ठा दिली. अपूर्णतेत सौंदर्य पाहणारी ही दृष्टी ‘वाबी-साबी’ म्हणून ओळखली जाते. तिच्याशी नाते सांगणारी कला म्हणजे ‘किंत्सुगी’. तीत फुटलेले भांडे उरुशी झाडाच्या चिकाने जोडतात आणि सांध्यावर सोन्याची पूड लावतात. भांडे कुठे फुटले होते, हे कुणालाही दिसते.

६/ इतिहासलेखनात असा सांधा पुरावा आणि अनुमान यांच्यामध्ये असतो. ‘पॉम्पेईची लक्ष्मी आमच्या भोकरदनचीच!’ असे ठणकावून सांगायला मलाही आवडले असते. परंतु त्या मूर्तीवर खरोष्ठी अक्षर कोरलेले आहे आणि खरोष्ठी ही प्रामुख्याने वायव्य भारताची लिपी. मूर्ती घडली एकीकडे आणि अक्षर कोरले गेले दुसरीकडे, असे होऊ शकते. पण तेही अनुमानच. घडणीतले साम्य हा मोलाचा पुरावा आहे, जन्मदाखला नव्हे.

७/ ही शंका झाकली, तर आपले विधान गुळगुळीत होईल आणि पहिल्याच प्रश्नाला तडकेल. ती उघड ठेवली, तरी भोकरदनचे महत्त्व तसूभरही उणावत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी येथे हस्तिदंताचे नाजूक काम वापरात होते आणि त्याचे जवळचे भावंड रोमन जगात पोहोचले होते, एवढे तर तो तुकडा निश्चित सांगतो.

८/ म्हणून ही कथा पुढे पाठवताना ‘सिद्ध झाले’ ऐवजी ‘असे मत आहे’ लिहा. आपला सोन्याचा सांधा तोच.

(समाप्त)