लोणारचा क्षार आणि स्त्रियांचें अबोल दुखणें

बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर पाहावयास जाणाऱ्या यात्रेकरूला तेथें दोन प्रकारचें पाणी आढळतें. कांठावर धारेपाशीं गोमुखांतून गोड्या पाण्याचा झरा वाहतो. आणि खालीं, सुमारें 1.8 किलोमीटर रुंदीच्या विवराच्या तळाशीं, सोड्यानें भरलेलें खारें पाणी पसरलेलें आहे. तेथील क्षाराच्या प्रकारांना पापडी, दल्ला, खुप्पल अशीं नांवें आहेत. सोळाव्या शतकाच्या अखेरच्या ‘आईन-इ-अकबरी’ ग्रंथांत वऱ्हाडच्या वर्णनांत लोणारचा उल्लेख असून, कांच व साबण करण्यास लागणारें द्रव्य येथें मिळतें असें नमूद आहे. हा क्षार कापडाला उपकारक खरा. परंतु देहाच्या अत्यंत नाजूक भागास असला क्षार कितपत मानवतो, हा प्रश्न चारचौघांत कधीं निघाला नाहीं. कारण तें दुखणें स्त्रियांचें होतें, आणि त्याविषयीं बोलणें म्हणजे लाज सोडणें, अशी समजूत होती.

योनिमुखाचा दाह, खाज, सूज व चिरा हीं दुखणीं नवीन नव्हेत. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांतील तिसाव्या अध्यायांत वीस योनिव्यापदांचें वर्णन आहे. त्यांपैकीं ‘अचरणा’ ही अस्वच्छतेमुळें जंतु होऊन खाज सुटणारी व्याधि होय. तेलांत भिजविलेला पिचु, काढ्याचें धावन, लेप असे बाह्य उपचार तेथें सांगितले आहेत. परंतु ते सरसकट नव्हेत. वातानें दुखत असेल तर स्निग्ध व उष्ण, पित्तानें जळत असेल तर शीतल, असा भेद केलेला आहे. आधीं व्याधि ओळखावी व मग लेप निवडावा, हें तत्त्व इतकें जुनें आहे.

पुढें हें तत्त्व मागें पडलें. तपासणार कोण, हाच मोठा प्रश्न होता. पुरुष वैद्यापुढें जाण्यास स्त्रिया तयार नसत. आणि स्त्री-वैद्य तर नव्हत्याच. एडिथ पेची 1883 सालीं मुंबईस आल्या, डफरिन फंड 1885 सालीं स्थापन झाला, कामा रुग्णालय 1886 सालीं उघडलें, आणि त्याच वर्षीं आनंदीबाई जोशी यांनीं अमेरिकेंत वैद्यकाची पदवी मिळविली. दुर्दैवानें 1887 च्या फेब्रुवारींतच त्या निवर्तल्या. पुढें 1927 सालीं र. धों. कर्वे यांनीं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून ह्या विषयांवर उघडपणें लिहिलें, तेव्हां त्यांना अश्लीलतेच्या खटल्यांस तोंड द्यावें लागलें.

इकडे शास्त्र पुढें जात होतें. जर्मन वैद्य डोडरलाइन यांनीं 1892 सालीं असें दाखविलें कीं, निरोगी योनिमार्गांत आम्ल उत्पन्न करणारे उपयुक्त जंतु राहतात व तेच उपद्रवी जंतूंस दूर ठेवितात. म्हणजे ज्या ठिकाणीं निसर्गानें आम्लता ठेविली, तेथें साबण, सोडा किंवा जंतुनाशक द्रव ओतणें हें पहाऱ्यावरच्या शिपायालाच हांकून देण्यासारखें होय. बाहेरच्या त्वचेवरहि कडक साबणानें चुणचुण वाढते, खाज वाढली म्हणून पुन्हां धुणें होतें, आणि दुखण्याचें चक्र सुरू राहतें.

औषधांचें युगहि बदललें. पूर्वीं बुरशीवर जांभळें जेन्शियन व्हायोलेट लावीत. त्यानें कपडे रंगत व कधीं कातडी सोलवटे. एलिझाबेथ हेझन व रेचल ब्राउन ह्या दोन अमेरिकन स्त्रियांनीं 1950 सालीं नायस्टॅटिन जगापुढें आणलें. पुढें क्लोट्रिमॅझोल आलें. 1952 पासून हायड्रोकॉर्टिझोनचा लेप त्वचारोगांवर वापरांत येऊं लागला, आणि मागाहून त्याहून कितीतरी तीव्र स्टेरॉइडें निघालीं. बाजारांत मग स्टेरॉइड, बुरशीनाशक व जंतुनाशक एकत्र केलेल्या नळ्या विकल्या जाऊं लागल्या. त्यांनीं दोन दिवसांत खाज थांबते. परंतु स्टेरॉइडाच्या छायेखालीं बुरशी पसरते, व दीर्घकाळ वापरल्यास त्वचा पातळ होते. अखेर 2018 सालीं भारत सरकारनें अनेक स्टेरॉइड लेप डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकूं नयेत असें ठरविलें.

मात्र तेंच तीव्र स्टेरॉइड एका दुखण्यांत खरें औषध ठरतें. लायकेन स्क्लेरोसस ह्या विकारांत योनिमुखाची त्वचा पांढरी, पातळ व चिरणारी होते. तेथें क्लोबेटासोलचें मलम डॉक्टरांच्या देखरेखीखालीं, अल्प प्रमाणांत व ठराविक काळ लावितात. हा विकार दुर्लक्षिल्यास क्वचित् कर्करोगहि उद्भवतो. रजोनिवृत्तीनंतरच्या कोरडेपणास इस्ट्रोजेनचा लेप, बुरशीस बुरशीनाशक, आणि साबणानें वा सुगंधी द्रव्यानें झालेल्या दाहास तें द्रव्य बंद करून साधें व्हॅसलीन. एकच खाज, पण उपाय चार. क्रीमपेक्षां मलमानें आग कमी होते, हेंहि ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. बुरशी वारंवार उलटत असेल तर रक्तांतील साखर तपासावी. आणि न भरणारा व्रण, गांठ किंवा पांढरा डाग असेल तर नळी बाजूस ठेवून तपासणीच करून घ्यावी.

तपासणी हीच अडचणीची जागा होय. विदर्भांतील गडचिरोली जिल्ह्यांत राणी बंग व अभय बंग यांनीं दोन खेड्यांतील 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांत शेंकडा 92 स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला. आणि त्यापूर्वीं अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शेंकडा 8 च होत्या. लाजेचा हिशेब इतक्या स्पष्ट आंकड्यांत क्वचितच मांडला गेला असेल.

लोणारच्या कांठीं जें दिसतें, तेंच ह्या इतिहासाचें सार आहे. क्षाराचें पाणी कापडाला. देहाच्या नाजूक भागाला गोमुखासारखें साधें, गोडें पाणी पुरें. त्यापुढें जें लावावयाचें तें ओळखून लावावें. आणि ओळख पटण्यासाठीं दुखणें प्रथम कोणापाशीं तरी बोललें गेलें पाहिजे.