बुचाचे झाड आणि पांढरा तुरा

ओक म्हटले की मराठी माणसाला आधी आडनाव आठवते, झाड नंतर. मलाही ते झाड खऱ्या अर्थाने भेटले ते तीन वर्षांपूर्वी, लिस्बनला भाच्याकडे गेलो तेव्हा. त्याची आज पुन्हा आठवण व्हायला कारण मात्र एक गवत आहे.

झाले असे, की गेल्या चतुर्थीला भाचा घरी आला आणि सामानातून त्याने कागदात गुंडाळलेले पांढरे रेशमी तुरे काढले. पंपास गवत! हल्ली लग्नाच्या सजावटीत आणि हॉटेलांच्या फुलदाण्यांत तुम्हीही ते पाहिले असेल. "मामा, ह्यांचे बी आपल्या भाटाच्या कडेला टाकूया. दोन-तीन वर्षांत तुरे येतात. सजावटवाल्यांकडून चांगली मागणी आहे."

त्याचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. माड उंच झाले, पाडेली मिळत नाही, नारळ पडून जातात. त्याला परत यायचे आहे, आणि परत येणाऱ्याला लवकर उत्पन्न हवे. मी म्हटले, "आज ठेव. चतुर्थी होऊ दे, मग बोलू." रात्री झोप लागेना. कारण त्याच्याच गाडीतून मी हे गवत आणि तो ओक, दोन्ही पाहिले होते.

आधी ओकाविषयी. पोर्तुगालच्या दक्षिणेकडील अलेंतेजु प्रांतात विरळ रानातून तासन्तास रस्ता जातो. झाडे बुटकी, पसरट, आणि कित्येकांची खोडे सोललेली, लालसर तपकिरी. हा बुचाचा ओक. पोर्तुगेज त्याला 'सोब्रैरू' म्हणतात. जगातले सुमारे निम्मे बूच एकट्या पोर्तुगालमधून येते. आपला 'बूच' हा शब्दही पोर्तुगेज 'बुशा'वरून आलेला. जुन्या पोर्तुगेजमध्ये त्याचा उच्चार 'बुचा' असा होता. त्यांचा च पुढे श झाला, आपण मात्र जुना च जपून ठेवला! १६६५ साली रॉबर्ट हुक याने आपल्या सूक्ष्मदर्शकाखाली ज्या पातळ कापात कप्पे पाहिले आणि त्यांना 'सेल' म्हटले, तो कापही ह्याच बुचाचा.

ह्या झाडाची निगा म्हणजे मुख्यतः थांबणे. साधारण २५ वर्षे त्याला हात लावायचा नाही. छातीच्या उंचीवर खोडाचा घेर ७० सेंटिमीटर भरला, की मग पहिली साल काढायची. ती खडबडीत असते, बाटलीच्या कामाची नसते. पुढे किमान ९ वर्षे थांबून दुसरी काढायची, तीही बेताचीच. आणखी ९ वर्षांनी तिसरी, आणि तिथून पुढे बाटलीला लावण्याजोगे बूच मिळू लागते. हिशेब करा, ४३ वर्षे झाली! साल मे ते ऑगस्ट ह्या महिन्यांतच निघते, तीही कुऱ्हाडीने, हाताने. घाव जरा खोल गेला तर आतला जिवंत थर दुखावतो आणि झाड कायमचे अधू होते. सोललेल्या खोडावर त्या वर्षाचा शेवटचा आकडा रंगवून ठेवतात. गाडीतून जाताना ते आकडे वाचत बसायचे. ६ दिसला की समजावे, २०१६ साली सोललेले.

आग्वश द मोरा गावात १७८३ साली लावलेला एक ओक आहे. त्यात इतके पक्षी, की त्याला 'शीळ घालणारा' असेच नाव पडले. १८२० पासून त्याची वीसहून अधिक वेळा साल काढली गेली. १९९१ साली एकाच वेळी १२०० किलो बूच निघाले, एक लाखाहून अधिक बाटल्यांना पुरेल इतके. २०१८ साली त्याला युरोपातील 'वर्षाचे झाड' हा मान मिळाला. ज्याने ते रोप लावले त्याला कामाचे बूच बघायला मिळाले असेल का?

आता गवताविषयी. पंपास मूळचे दक्षिण अमेरिकेचे, अर्जेंटिना, उरुग्वे आणि दक्षिण ब्राझील इकडचे. पाने करवतीसारखी, हात कापणारी. म्हणून शास्त्रीय नाव 'कोर्तादेरिया', म्हणजे कापणारी. 'सेलोआना' हा पुढचा भाग ब्राझीलमध्ये हिंडलेल्या फ्रीड्रिश सेलो ह्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञावरून. एकोणिसाव्या शतकात युरोपच्या बागांना ह्या तुऱ्यांचे वेड लागले. १८७० च्या दशकात कॅलिफोर्नियात सांता बार्बराकडे जोसेफ सेक्स्टन याने तुऱ्यांचा व्यापारच उभा केला. मादी झाडांचे तुरे अधिक मऊ आणि फुललेले, म्हणून तीच वाढवायची, हे त्याच्या ध्यानात आले होते. म्हणजे भाच्याची कल्पना दीडशे वर्षे जुनी!

ह्या गवताची निगा सोपी असते असे वाटते. ऊन हवे, पाणी न तुंबणारी जमीन हवी, वर्षातून एकदा हातमोजे घालून छाटणी करावी. पण खरी निगा पुढे आहे. एका तुऱ्यात लाखापर्यंत बी असू शकते आणि वारा ते कित्येक किलोमीटर नेतो. तुरा पिकण्याआधी कापला नाही, तर ते गवत तुमचे राहत नाही. पोर्तोकडे जाणाऱ्या महामार्गाच्या कडेला, पडीक जमिनीत मी पाहिले ते असेच कोणाचेही नसलेले गवत. नुसते कापून ते जात नाही, गड्ड्यासकट उपटावे लागते.

एकाच देशाने ह्या दोघांसाठी केलेले कायदे पाहा. सोब्रैरूला २०११ साली राष्ट्रीय वृक्षाचा मान मिळाला, आणि स्वतःच्या जमिनीतला असला तरी तो परवानगीवाचून तोडता येत नाही. पंपास २०१९ च्या कायद्याने आक्रमक वनस्पतींच्या यादीत गेले, ते लावायचे नाही आणि विकायचेही नाही.

परके म्हणून वाईट, असे मी म्हणणार नाही. काजू ब्राझीलचा, मिरची आणि अननसही तिकडचेच, त्यांच्याशिवाय आपले जेवण कसे झाले असते? पण घाणेरीसुद्धा बागेची शोभा म्हणूनच ह्या देशात आली होती, आणि आज डोंगर तिच्या आणि रानमोडीच्या ताब्यात आहेत. आपल्या पावसात पंपास किती पसरेल, हे बघण्यासाठी मला माझे भाट वापरायचे नव्हते.

पण भाच्याला नुसता नकार देऊन भागणार नव्हते. ४३ वर्षे तो शेतकरी खातो काय? उत्तर त्याच रानात होते. ओकाखाली मेंढ्या चरतात, डुकरे ओकाची फळे खातात, मध निघतो, भूछत्रे निघतात. झटपट येणारे खाली, सावकाश येणारे वर. मित्रहो, हे आपले कुळागरच नव्हे का? वर माड-पोफळी, त्यांवर मिरवेल, खाली केळी आणि अननस. फक्त त्याला एक गोष्ट लागते, तिथे राहणारा माणूस.

सकाळी हे सगळे त्याला सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, मिरवेल कितव्या वर्षी धरते?" म्हटले, "तिसऱ्या-चौथ्या. पण बघायला तू इथे हवास."

तुऱ्यांचे पाकीट न उघडता न्हाणीतल्या भाणाखाली सारले. त्या दुपारी पाऊस थांबल्यावर आम्ही दोघांनी माडांच्या बुंध्याशी मिरवेलीची आठ रोपे लावली, आणि कोपऱ्यात एक फणस. तो परत येईल की नाही, ते आज सांगता येत नाही. पण दर रविवारी फोन करतो तेव्हा आधी वेलींची चौकशी होते, मग माझी. असो.