मुष्टिफंड : घर आणि शाळा यांच्यातील एक जुना करार

दिवाळी सरली की अकलूजच्या आसपासचे साखर कारखाने सुरू होतात आणि उसाच्या फडांलगत कोप्या उभ्या राहतात. बीडकडून आणि इतर कोरडवाहू भागांतून आलेल्या टोळ्यांचा हिशोब माणसांत नव्हे, कोयत्यांत होतो. एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. मुकादमाची उचल मिळते तीही जोडीला. या हिशोबात मूल कुठेच नसते. प्रत्यक्षात ते धाकट्या भावंडाला सांभाळत असते, वाढे गोळा करत असते, नाहीतर गावी आजीजवळ असते. शाळा सुधारण्याच्या चर्चेत 'पालकांचा सहभाग' हे शब्द आपण शिक्षक मंडळी फार सहजपणे वापरतो. त्या शब्दांमागचा इतिहास मात्र या कोपीच्या दारातून पाहिला पाहिजे.

महाराष्ट्रात हा प्रश्न प्रथम नेमकेपणाने मांडला तो जोतीराव फुले यांनी. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली, हे सर्वश्रुत आहे. त्याच निवेदनातील दुसऱ्या मुद्द्याकडे मात्र आपले तितके लक्ष जात नाही. शिक्षक शक्यतो शेतकरी समाजातून यावेत, लोकांत मोकळेपणाने मिसळणारे असावेत, प्रसंगी नांगर हाती धरायला त्यांनी लाजू नये, असे जोतीरावांचे म्हणणे होते. शाळेविषयी घरात विश्वास कसा निर्माण होतो, याचे उत्तर त्यांनी इमारतीत किंवा अभ्यासक्रमात नव्हे, तर शिक्षकाच्या वागण्यात शोधले होते.

पुढे राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलांना शाळेत न धाडणाऱ्या पालकांना दरमहा एक रुपया दंडाची तरतूद केली. ज्या घरात मुलाचे हात मजुरीला लागत, तिथे हा दंड कठोरच होता. परंतु मुलाच्या शिक्षणाची जबाबदारी राजसत्तेने आपल्या शिरावर घेतल्याची ती ग्वाही होती. दंडाने मूल शाळेत येते. घर शाळेशी कसे जोडायचे, हा प्रश्न त्यानंतरही उरतो.

त्या प्रश्नाला भिडले कर्मवीर भाऊराव पाटील. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ पासून साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहू-जेवू लागली. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. हे सारे चालवायचे तर धान्य हवे. त्यासाठी मुष्टिफंडाची कल्पना राबवली गेली. दळायला बसताना घरच्या बाईने मूठभर धान्य बाजूला काढून ठेवायचे, ते पुढे वसतिगृहात जायचे. मूठभर धान्याने कोणाचे घर बुडत नाही. पण जात्यावर बसलेल्या त्या निरक्षर बाईला रोज एकदा शाळेची आठवण होते. मग ती शाळा तिची होते.

१९४८ साली मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबवले, तेव्हा या नात्याची कसोटी लागली. गाडगे महाराजांनी मध्यस्थी केली, संस्था टिकली. लोकांनी मुठी-मुठीने उभे केलेले एका आदेशाने पडत नाही.

अर्थात या इतिहासाचे नुसते गुणगान करून भागणार नाही. मुष्टीचा भार अखेर बाईवरच पडला. वसतिगृहातल्या मुलांसाठी लक्ष्मीबाई पाटील यांना आपले दागिने मोडावे लागले. सरकारने करायचा खर्च गरिबाने का करावा, हा आक्षेप फुले-शाहूंच्याच विचारातून येतो आणि तो रास्त आहे. स्वातंत्र्यानंतर अनुदाने आली, अकलूजसारख्या गावांत सहकारातून शिक्षणसंस्था वाढल्या. हे व्हायलाच हवे होते. परंतु धान्याची गरज संपली तशी घराचा वाटाही संपला, आणि त्या जागी दुसरे काही आले नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरवले. तरतूद उत्तम आहे. पण अनेकदा त्या स्त्रीच्या वाट्याला इतिवृत्तावरची सहीच येते.

वाटा पैशाचाच असावा लागतो असे नाही, याचे उदाहरण शेजारच्या माढा तालुक्यात घडले. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हा परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांच्या क्यूआर कोडच्या पुस्तकांची चर्चा झाली. त्यांचा 'अलार्म ऑन, टीव्ही ऑफ' हा साधा उपक्रम मला अधिक मोलाचा वाटतो. संध्याकाळी सात वाजता गावात अलार्म वाजायचा, घरोघरचे टीव्ही बंद व्हायचे आणि आईबापांनी मुलांजवळ बसायचे. धान्याऐवजी तासभर वेळ : ही मुष्टिफंडाचीच आजच्या काळातील आवृत्ती म्हणता येईल.

आता पुन्हा कोपीकडे वळू. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी आधी कारखान्यांजवळ साखरशाळा निघाल्या, नंतर मूळ गावी हंगामी वसतिगृहे. मूल गावी ठेवायचे तर आईबापांना त्याच्यापासून सहा-सहा महिने दूर राहावे लागते आणि थकलेल्या आजीला पुन्हा आईपण पत्करावे लागते. घराने शाळेसाठी दिलेला हा वाटा मूठभर धान्याहून कितीतरी मोठा आहे. त्याची नोंद कोणत्याही इतिवृत्तात नाही. शाळेचे नेतृत्व करणाऱ्याने आधी त्या आजीच्या ओसरीवर जाऊन बसावे. सभेचे निमंत्रण नंतर द्यावे.