रबराच्या पिळावर उडणारं विमान: पहिलं किट घेताना काय बघायचं?

रबरावर उडणारं माझं पहिलं विमान मी नवी पेठेतल्या एका दुकानातून घेतलं, ते खोक्यावरचं चित्र बघून. दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान, एकदम झकास. आत बाल्सा लाकडाच्या पातळ पट्ट्या, टिश्यू पेपर आणि घडी घातलेला मोठा नकाशा. भाची आणि मी तीन आठवडे त्यावर बसलो, वरून हौसेने रंगही दिला. गच्चीवरून सोडलं तर नाक खाली घालून थेट कठड्यावर. चार सेकंदसुद्धा नाही. त्यानंतर कितीतरी दिवस भाचीने त्या खोक्याकडे बघितलं नाही. किट वाईट नव्हतं. फक्त ते पहिलं म्हणून घ्यायचं किट नव्हतं.

पहिलं विमान उडालं नाही तर दुसरं कोणी बनवत नाही. म्हणून पहिल्या वेळी दिसण्याकडे बघू नका, उडण्याकडे बघा.

हे उडतं कसं? पुढे प्रोपेलर, मागे एक हूक आणि दोघांच्या मध्ये रबराचं वेटोळं. प्रोपेलर बोटाने उलटा फिरवला की रबराला पीळ बसतो, सोडला की पीळ सुटताना प्रोपेलर फिरतो. बॅटरी नाही, चार्जर नाही. ही युक्ती फ्रान्सच्या आल्फोन्स पेनो यांनी १८७१ मध्ये पॅरिसच्या तुइलरी बागेत दाखवली. त्यांचं छोटं मॉडेल ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेलं. १८७८ मध्ये राइट बंधूंना वडिलांनी आणून दिलेलं उडतं खेळणंही पेनो यांच्याच धर्तीचं, रबरावर चालणारं होतं. पेनो यांच्या मॉडेलचा सांगाडा म्हणजे एक सरळ दांडी, त्यावर पंख आणि शेपूट. नवशिक्यासाठी आजही हीच रचना सगळ्यात बरी.

ऑनलाइन घेत असाल तर फोटो झूम करून आधी हेच बघा: पोटाच्या जागी एकच दांडी आहे का? पोकळ, कागद चढवलेलं पोट म्हणजे बारीक बारीक तुकडे, जास्त गोंद, जास्त वजन. शिवाय रबर आत अडकलं तर काढताना कागद फाटतो. दांडीच्या विमानात सगळं उघड्यावर असतं. दुसरं, पंख दांडीवर पुढेमागे सरकवता येतो का? हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण पुढची सगळी दुरुस्ती याच एका गोष्टीवर चालते. पंखांची टोकं जरा वर उचललेली हवीत. एक बाजू कलली तर विमान आपोआप सावरतं. आणि प्रोपेलर मोठा हवा, पंखांच्या एकूण लांबीच्या साधारण एक तृतीयांश. खऱ्या विमानाच्या हुबेहूब नकलेत प्रोपेलर बऱ्याचदा त्याहून लहान असतो, दिसायला बरोबर पण ओढायला कमी.

एक फसगत मात्र ठरलेली. 'रबर बँड प्लेन' असं शोधलं की गलोलीसारखं ताणून फेकायचं ग्लायडरही येतं. त्याला प्रोपेलर नसतो. मजेशीर आहे, पण ते वेगळं खेळणं. फोमचे पंख आणि प्लॅस्टिकची दांडी असलेली स्वस्त विमानं पाच मिनिटांत जोडून होतात आणि बऱ्यापैकी उडतातही. सरावाला घ्या हवं तर, पण त्यात बनवण्यासारखं फारसं काही नाही.

बनवायचंच असेल तर 'डेल्टा डार्ट' हे नाव लक्षात ठेवा. अमेरिकेतल्या अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्सच्या फ्रँक एलिंग यांनी ते शिकणाऱ्यांसाठीच आखलं. छापलेल्या कागदावर बाल्साच्या काड्या थेट चिकटवायच्या, वाळलं की कडेने कापायचं. पतंग बनवलाय? मग अर्धं काम तुम्हाला येतंच. बाहेरून मागवलेल्या किटवर टपालखर्च आणि कर लागून किंमत फुगते, त्यामुळे इथे मिळणारं त्याच पद्धतीचं किट चालेल. ब्लेडने कापायच्या पट्ट्यांपेक्षा लेझरने कापलेले भाग घ्या. रबर आणि प्रोपेलर खोक्यातच आहेत का, हे वर्णनात वाचून घ्या.

आता रबर. खोक्यातलं रबर गोदामात किती दिवस पडलं होतं ते कोणाला माहीत! हलकं ताणून बघा, बारीक चिरा दिसल्या तर टाकून द्या. सोलापूरचा एप्रिल-मे, पारा चाळिशीपार. पत्र्याखाली किंवा उन्हातल्या गाडीच्या डिकीत ठेवलेलं रबर लवकर खराब होतं. घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधारात ठेवा. वापरण्याआधी त्याला एरंडेलाचा एखादा थेंब चोळा, जास्त पीळ सोसतो. मशीनचं तेल आणि व्हॅसलीन अजिबात नको, त्याने रबर सडतं. वेटोळं दोन हुकांमधल्या अंतरापेक्षा थोडं लांब हवं, साधारण सव्वा ते दीडपट.

गोंद म्हणजे फेविकॉल, थोडं पाणी घालून, काडीच्या टोकाने. फेविक्विक पटकन चिकटतं, पण तुकडा वाकडा बसला की संपलं. रंग नकोच. माझ्या त्या लढाऊ विमानाचं निम्मं पाप रंगाचं होतं.

उडवायला पहाटेची वेळ, वारा पडलेला असताना. होम मैदान मोकळं असेल तर उत्तम, पण जानेवारीत गड्डा यात्रेच्या दिवसांत तिथे जागाच नसते. आधी पीळ न भरता, खांद्याच्या उंचीवरून गवतावर हळूच सोडा. नाक वर उचलून थबकलं आणि मग खाली पडलं तर पंख किंचित मागे सरकवा. सरळ खाली गेलं तर पुढे. नीट तरंगायला लागलं की मग पीळ: समोरून बघताना बहुतेक प्रोपेलर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायचा, सुरुवातीला पन्नास-साठ पुरे.

आणि फोन खिशात ठेवू नका. बाजूने कोणाला तरी स्लो मोशनमध्ये शूट करायला सांगा. नाक आधी वर गेलं की सरळ खालीच आलं, हे डोळ्यांना चुकतं, व्हिडिओत स्पष्ट दिसतं. भाचीच्या दुसऱ्या विमानाचा पंख आम्ही असाच, एका वेळी दोन-तीन मिलिमीटर सरकवत नेला. सहाव्या वेळी ते वळण घेऊन तिच्या डोक्यावरून गेलं.