दादीची देगची आणि लेकीचे डबे

माझी मुलगी पुण्यात नोकरी करते. रविवारी ती आठवड्याचं वाटण, उकडलेली कडधान्यं, खिमा असं सगळं करून ठेवते. परवा तिचा फोन आला. "अब्बा, प्लास्टिकचे डबे हळदीनं पिवळे पडलेत. आता काचेचे घेऊ की स्टीलचे?"

उत्तर देण्याआधी मी नगरच्या आमच्या घराच्या माळ्यावर चढलो. हल्ली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं आहे, पण माळ्यावरचं सामान जुनंच आहे. सगळ्यात तळाशी दादीची तांब्याची देगची होती. तिच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी दादीचं नाव कोरलेलं आहे, तेही देवनागरीत. मराठी मुसलमानांच्या घरात कोणती भाषा नांदत होती, असा प्रश्न मला कुणी विचारला तर मी त्याला ही देगची दाखवतो.

1490 च्या विजयानंतर अहमद निजामशाहनं हे शहर वसवलं. पुढे इंग्रजी अमदानीत नगरचं नाव लुगड्यांबरोबर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठीही घेतलं जाई. तांबं पिढ्यान् पिढ्या टिकतं, पण त्याची एक खोड आहे. चिंच, दही, टोमॅटो असं आंबट काही त्यात ठेवलं की तांबं अन्नात उतरतं आणि ते अन्न बाधतं. त्यावरचा इलाज म्हणजे कल्हई.

हा शब्द अरबी 'कलई'वरून आला. कल्हईवाला भट्टी पेटवायचा, भांडं तापवायचा, नवसागर टाकून आतला भाग लख्ख करायचा आणि वरून कथलाची कांडी फिरवायचा. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे गल्लीतली छोटी भट्टीही त्याला पुरायची. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये मुसलमान कारागिरांत कल्हईगरांची वेगळी नोंद आहे. हा कारागीर ब्राह्मणआळीतही जाई आणि मोहल्ल्यातही. ज्या काळात कुणाच्या हातचं पाणी चालतं, कुणाच्या हातचं नाही, याचे हिशेब होते, त्या काळात दोन्हीकडची स्वयंपाकाची भांडी त्याच्या एकाच भट्टीवर चढत.

माळ्यावर दुसरी वस्तू सापडली ती लोणच्याची चिनी मातीची बरणी. दादी तिला 'मर्तबान' म्हणायची. हे नाव ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदराचं. नगर वसण्याच्या सुमारे दीडशे वर्षं आधी इब्न बतूता दौलताबाद पाहून गेला. पुढे चीनच्या वाटेवर त्याला मोठे मर्तबान भेट मिळाले. त्यांत आलं, मिरी, लिंबू आणि आंबे मिठात मुरवून भरले होते, लांबच्या समुद्रप्रवासासाठी. म्हणजे पुढच्या दिवसांचं खाणं आधीच भरून ठेवण्याची सोय आपल्या फ्रीजपेक्षा कितीतरी जुनी आहे. आंबट-खारटाला धातू नको, झिलई दिलेली चिनी माती हवी, हे त्या लोकांना अनुभवानं कळलं होतं.

मग कल्हईवाला गेला कुठे? 1913 मध्ये इंग्लंडच्या शेफिल्ड शहरात हॅरी ब्रेअर्ली यांनी क्रोमियम मिसळलेलं न गंजणारं पोलाद बनवलं. क्रोमियम ऑक्साईडचा अतिशय पातळ थर पृष्ठभागावर आपोआप तयार होतो आणि ओरखडा पडला तरी पुन्हा धरतो. म्हणजे स्टीलची कल्हई धातूतच मुरलेली असते. पुढे घराघरात स्टील आलं, तांब्याची भांडी मोडीत गेली आणि दारावरची आरोळी थांबली. सोय झाली, पण चार आळ्यांत हक्कानं फिरणारा एक माणूस कमी झाला. हे नुकसान कुठल्याच हिशेबात धरलं गेलं नाही.

मुलीला मी सांगितलं, "सगळ्याला एकच डबा घेऊ नकोस. खिमा आणि कडधान्यांना स्टील घे. चिंचेचा कोळ, लोणचं, टोमॅटोचं वाटण काचेत ठेव. गरम करायचं असेल तर स्टील मायक्रोवेव्हमध्ये घालू नकोस आणि फ्रीजमधली गार काच एकदम आचेवर ठेवू नकोस. मोठ्या डब्यापेक्षा लहान डबे बरे, अन्न लवकर निवतं. तीन दिवसांत संपणार नाही तेवढं फ्रीझरमध्ये टाक."

"आणि स्टीलच्या डब्यांवर दुकानातच नाव घालून घे."

"कुठल्या लिपीत?"

"दादीच्या देगचीवर आहे त्याच."