सूर्यामागे फिरणारे आरसे

सुरतेच्या पूर्वेस गोडादरा, डिंडोली, लिंबायत हा जो भाग आहे, तेथे खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेल्या मराठी कुटुंबांची वस्ती मोठी आहे. अलीकडे येथील गच्च्यांवर सोलर पॅनलांच्या रांगा दिसू लागल्या आहेत, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत घरांसाठी पी. एम. सूर्यघर योजना सुरू झाल्यापासून हा विषय ओट्यावरच्या गप्पांतही येतो. ही पॅनले दक्षिणेकडे तोंड करून एका जागी खिळलेली असतात. देवस्थानांची मंडळी आम्हांस विचारतात की, सूर्य पूर्वेकडून पश्चिमेकडे जातो, तर पॅनलाने त्याच्यामागे का फिरू नये? तसे फिरते सांगाडे बाजारात मिळतात, आणि दानपेटीत भाविकांचे पैसे असतात. तेव्हा हा प्रश्न केवळ यंत्रशास्त्राचा राहत नाही.

या प्रश्नाचा आपल्याकडील इतिहास सुरू होतो तो, आम्हां वकिलांस अभिमान वाटावा अशा ठिकाणी. विल्यम ॲडम्स हा गृहस्थ मुंबई उच्च न्यायालयात डेप्युटी रजिस्ट्रार होता. फ्रान्समध्ये मूशो नावाच्या अध्यापकाने सूर्याच्या उष्णतेवर वाफेचे यंत्र चालविले होते. परंतु त्याचा चांदीचा मुलामा दिलेला धातूचा आरसा महाग, मोठा करण्यास अवघड आणि लवकर काळवंडणारा. ॲडम्सने विचार केला की, साधे सपाट काचेचे आरसे स्वस्त असतात. तेच पुष्कळसे एका चौकटीत बसवून प्रत्येकाचा कोन असा ठेवावा की सर्वांचा प्रकाश एकाच जागी पडेल. १८७८ च्या सुमारास त्याने मुंबईत आपल्या बंगल्याच्या आवारात १७ इंच लांब व १० इंच रुंद अशा ७२ आरशांपर्यंत मजल मारली. त्या प्रकाशाच्या झोतात धरलेले लाकूड तत्काळ पेटले. मग त्याने बाष्पपात्र मध्यभागी स्थिर ठेवले, आरशांची चौकट अर्धवर्तुळाकार रुळावर बसविली, आणि अडीच अश्वशक्तीचे यंत्र दिवसाउजेडी दोन आठवडे चालवून दाखविले. सरकारी अधिकारी व वृत्तपत्रकार यांस ते पाहावयास बोलाविले होते.

आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यातील मर्म रुळात आहे. सूर्याचा माग ठेवण्याचे काम ॲडम्सने कोणत्याही घड्याळास वा चक्रास सोपविले नाही. एका मजुराने दिवसभर चौकट थोडी थोडी ढकलीत राहावी, एवढेच पुरे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकाचा रोख उष्ण कटिबंधात कोळशास पर्याय देणे हाच होता. त्याच्या सूर्यचुलीवर सात शिपायांचे जेवण जानेवारी महिन्यात दोन तासांत शिजले, अशी नोंद आहे. इतके होऊनही हे काम पुढे गेले नाही. न्यायालयाच्या दप्तरात कितीएक चांगले दावे केवळ पाठपुराव्याअभावी निकाली निघतात, त्यातलाच हा प्रकार!

पुढे शंभराहून अधिक वर्षांनी ही कल्पना आपल्या देवस्थानांच्या स्वयंपाकघरांत अवतरली. वोल्फगांग शेफलर या ऑस्ट्रियन पदार्थविज्ञानवेत्त्याने १९८६ मध्ये केनियात आपली पहिली परावर्तक थाळी उभारली. तिचा आस पृथ्वीच्या आसाशी समांतर असतो. त्यामुळे तासाला १५ अंश एवढ्या एकाच सावकाश गतीने ती फिरली की दिवसभर सूर्य सुटत नाही, आणि तिचा केंद्रबिंदू जागचा हलत नाही. चूल भिंतीआड स्थिर, आरसा बाहेर फिरता. सूर्याच्या उत्तरायण-दक्षिणायनाप्रमाणे थाळीचा बाक मात्र हाताने थोडा थोडा बदलावा लागतो. आरंभीच्या थाळ्या तर सायकलचे सुटे भाग व लोंबते वजन यांच्या घड्याळावर चालत. तिरुमला येथे २००२ मध्ये अशा १०६ थाळ्या बसल्या. शिर्डीस साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयावर २००९ मध्ये प्रत्येकी १६ चौरस मीटरच्या ७३ थाळ्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या वाफेवर हजारो भाविकांचा प्रसाद शिजू लागला. गॅसची तजवीज मात्र तेथे राखून ठेवलेलीच होती. ढगाळ दिवशी यात्रेकरू उपाशी राहू नयेत.

आता कोणी म्हणेल, शिर्डीस फिरते आहे, तर आमच्या गच्चीवर का नको? येथेच दोन भिन्न वस्तूंची गल्लत होते. आरशास सूर्याचे सरळ किरणच एकवटता येतात. तो फिरला नाही तर झोत भांड्याबाहेर पडतो आणि काहीच शिजत नाही. त्याचे फिरणे ही चैन नव्हे. वीज देणारे पॅनल तसे नाही. तिरपे ऊन, आकाशाचा विखुरलेला उजेड, पावसाळी ढगांतून झिरपणारा प्रकाशही ते घेते. एका आसावर फिरविल्यास त्याची वर्षाची वीज साधारणतः १५ ते २५ टक्क्यांनी वाढते, दोन आसांवर फिरविल्यास त्याहून काही अधिक. आणि आपल्याकडील चार महिने आभाळ भरलेले असते तेव्हा हा लाभ जवळजवळ उरत नाही.

याचा अर्थ रोकड हिशेबात असा की, १२ पॅनलांस फिरते केले काय किंवा शेजारी आणखी दोनतीन स्थिर पॅनले बसविली काय, वीज सारखीच. १९७० च्या दशकात पॅनल सोन्यासारखे महाग होते, तेव्हा त्यास फिरविणे शहाणपणाचे होते. आज पॅनलच स्वस्त आणि मोटर, दंतचक्र, धारवे व नियंत्रक हीच महाग झाली आहेत. पॅनलाच्या उत्पादनाची हमी बहुधा २५ वर्षांची असते. मोटरीची तितकी कोणी लिहून देत असल्यास तो कागद आम्हांस अवश्य दाखवावा! शिवाय गच्चीवर फिरती पॅनले सकाळ-सायंकाळ एकमेकांवर छाया टाकतात, म्हणून त्यांस दूर दूर बसवावे लागते. सायंकाळच्या आडव्या किरणांस लहानसा अडथळाही कसा पुरतो, हे कोल्हापुरास अंबाबाईच्या किरणोत्सवाच्या वेळी ज्यांनी पाहिले आहे त्यांस सांगणे नको. वाऱ्याचा प्रश्न आणखी निराळा. मोठ्या प्रकल्पांत वादळ येताच ट्रॅकर आडवे होतात व त्यांवर देखरेखीस माणसे असतात. देवळाच्या गच्चीवर त्या वेळी कोण असणार?

मोकळ्या विस्तीर्ण जमिनीवर, शेकडो पॅनले एकाच मोटरीने फिरत असतील तेथे, हा खर्च निघतो. त्याविषयी आमची तक्रार नाही. शेतावरच्या सौर पंपांची गोष्ट तर आम्हांस विशेष वाटते. केंद्राच्या नियमावलीत पंपाने द्यावयाच्या पाण्याचे प्रमाण ठरविताना पॅनल दिवसातून तीन वेळा सूर्याकडे वळविले आहे, असे धरले होते. ते वळविणारा हात शेतकऱ्याचा. मोटर नाही, नियंत्रक नाही. ॲडम्सचा मजूर १८७८ मध्ये हेच करीत होता.

विश्वस्ताने न्यासाची मालमत्ता समंजस माणूस स्वतःची सांभाळतो तशी सांभाळावी, असा कायद्याचा दंडक आहे. तो लावून पाहता, देवस्थानास अन्नछत्रासाठी वाफ हवी असेल तर फिरत्या थाळ्यांचा विचार जरूर करावा, आणि त्याबरोबर रोज आरसे पुसणाऱ्या माणसाच्या पगाराची तरतूदही ठरावात लिहून ठेवावी. गाभाऱ्यातील दिवे, पाण्याचा पंप व सभामंडपातील पंखे एवढेच हवे असतील, तर स्थिर चौकट घ्यावी. फार तर ती वर्षातून दोनदा हाताने कमीअधिक कलती करता येईल अशी असावी, म्हणजे मकरसंक्रांतीच्या सुमारास सूर्य दक्षिणेस खाली असतो तेव्हा ती अधिक उभी करता येते. त्यास एक पाना आणि अर्धा दिवस पुरतो.